खानखानाचं पाणी

बुऱ्हाणपुरात मोहल्ल्यांना वारांची नावं आहेत. बुधवारा, इतवारा, शनवारा. पुण्याच्या पेठांसारखंच. बाजार हलले, दुकानं बदलली, नावं मात्र तशीच राहिली. मी बुधवाऱ्यात राहते. आमच्या गल्लीत मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा चार भाषा एकाच ओट्यावर बसतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सरहद्दीच्या गावाचं असंच असतं. राज्य मध्य प्रदेशाचं, सोयरीक जळगाव-रावेरची, बोलण्यात अर्धं खानदेश.

सरहद्द आजची नाही. चारशे वर्षांपूर्वीही हे गाव सरहद्दच होतं, आणि तेव्हाची सरहद्द म्हणजे रोजची लढाई. उत्तरेत मोगल, दक्षिणेत अहमदनगरची निजामशाही, मध्ये तापी. त्या काळात इथे एक माणूस सुभेदार म्हणून आला. अधूनमधून खंड पडला, पण आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं त्याने या मुलखात काढली. त्याचं नाव अब्दुर्रहीम खानखाना. शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम. हिंदीच्या पुस्तकात तो कवी म्हणून भेटतो, इतिहासाच्या पुस्तकात सेनापती म्हणून. पण आपण बायकांनी त्याला तिसऱ्याच कारणासाठी ओळखायला हवं. त्याने या गावाला पाणी दिलं. पाणी भरणं ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना ही गोष्ट नीट समजेल, म्हणून हा लेख.

त्याच्या जन्मापासूनच सुरुवात करते. १७ डिसेंबर १५५६ ला लाहोरात रहीमचा जन्म झाला. बाप बैरामखान, कोवळ्या अकबराला गादीवर सांभाळून बसवणारा. आई मेवातची, जमालखान मेवातीची मुलगी. म्हणजे बापाकडून तुर्की आणि आईकडून इथल्या मातीतला. बैरामखानावर पुढे बादशहाची मर्जी फिरली, त्याला हजला जायला सांगण्यात आलं, आणि वाटेत गुजरातमध्ये पाटणला जानेवारी १५६१ मध्ये त्याचा खून झाला. मुलगा चार वर्षांचा. ज्या माणसाला अकबराने दूर केलं त्याच्याच पोराला अकबराने दरबारात आणून वाढवलं. फारसी, अरबी, तुर्की, संस्कृत, हिंदी अशा भाषा तो शिकला. लग्न झालं माहबानूशी. ती मिर्झा अझीझ कोकाची बहीण, आणि अझीझ कोका म्हणजे अकबराचा दूधभाऊ.

पुढची चढण भराभर सांगते, कारण लढायांच्या याद्या वाचून आपल्या हाती फारसं लागत नाही. गुजरातेत मुजफ्फरशहाचा बंड मोडला म्हणून १५८४ मध्ये 'खानखाना' ही पदवी मिळाली, जी एके काळी बापाची होती. १५८९ मध्ये बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचा फारसी तर्जुमा करून त्याने तो बादशहापुढे ठेवला. मग सिंध जिंकला. आणि १५९५ मध्ये शहजादा मुरादबरोबर तो दख्खनेत उतरला, थेट अहमदनगरच्या किल्ल्यासमोर.

किल्ल्यात कोण होतं हे मराठी वाचकांना सांगायला नको. चांदबिबी. सुरुंगाने तट पडला, तर रातोरात उभं राहून तिने तो पुन्हा बांधून घेतला. मोगलांना किल्ला मिळाला नाही, १५९६ मध्ये तह झाला आणि वऱ्हाडावर समाधान मानावं लागलं. रहीमच्या थोरवीविषयी लिहिताना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. हा माणूस आपल्या मुलखात पाहुणा म्हणून आलेला नव्हता. चांदबिबीच्या तटाला भगदाड पाडणाऱ्या फौजेत तो होता. पुढे १६०० मध्ये अहमदनगर पडलं, त्याआधी चांदबिबी तिच्याच लोकांच्या हातून मारली गेली. १६०१ च्या जानेवारीत बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारूकींचं दोनशे वर्षांचं राज्य संपलं.

हे फारूकी म्हणजे बुऱ्हाणपूर वसवणारे. १४०० च्या आसपास नसीरखान फारूकीने सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने हे गाव वसवलं. त्या संतांची कबर आपल्या खुलताबादला आहे. गावातली जामा मशीद फारूकी राजा अलीखानाने बांधली, आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, शक-संवताच्या तिथीसह, देवनागरी अक्षरात. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी मशिदीत तो दाखवते तेव्हा ते दोनदा वाचतात. तर रहीम आला तो रिकाम्या माळावर आला नाही. गाव होतं, मशिदी होत्या, विणकर होते. बांधणीत त्याने जी भर घातली तिच्यामुळेच छावणीचं हे गाव शहर झालं.

गावाला काय हवं असतं

सुभेदार मोठा हुद्दा होता. फौज, महसूल, न्याय, रस्ते, सगळं त्याच्याकडे. फौजेमागे बाजार येतो, बाजारामागे कारागीर, व्यापारी, सराफ, आणि त्यांच्या मागे त्यांचे संसार. त्यात आपले लोकही आले. त्या काळी गुजरात, माळवा आणि दख्खन यांच्यामधली उलाढाल ज्यांच्या हातात होती त्यांत जैन व्यापारी मोठ्या संख्येने होते, आणि सुरतेहून आग्र्याला जाणारा माल बुऱ्हाणपुरावरून जात असे.

अशा गावाला आधी पाणी हवं. तापी उशाशी आहे खरी, पण ती खोल पात्रातून वाहते आणि पावसाळ्यात गढूळ होते. शत्रूचा वेढा पडला तर नदीपर्यंत पोचणंच मुश्किल. नदीत कुणी विष कालवलं तर काय, ही भीतीही होती असं गावातली जुनी माणसं सांगतात. तेव्हा उपाय शोधला गेला तो जमिनीच्या पोटात.

गावाच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आहेत. तिथे मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून उताराने तापीकडे सरकत असतं. हे पाणी मध्येच अडवून गावाकडे वळवायचं ठरलं. त्यासाठी उतारावर ओळीने विहिरी खणल्या आणि त्यांचे तळ बोगद्याने एकमेकांना जोडले. बोगद्याला इतका बेताचा उतार दिला की पाणी आपोआप पुढे जाईल, पण धावणार नाही आणि तळ खरवडणार नाही. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. वरून दिसतात त्या विहिरींची तोंडं, म्हणजे कुंड्या. त्यांच्यातून आत हवा आणि उजेड जातो, माणूस उतरून गाळ काढू शकतो. तोंडाभोवती जमिनीच्या वर कठडा बांधलेला, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आणि केरकचरा आत पडू नये. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात.

असे आठ भंडारे त्या काळात झाले. सगळ्यात प्रसिद्ध तो लालबागेकडचा कुंडी भंडारा, ज्याला लोक खूनी भंडाराही म्हणतात. १६१५ सालचा. शंभरावर कुंड्या, सुमारे तीन किलोमीटरची ओळ, ऐंशी फुटांच्या आसपास खोली. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा ही आणखी काही नावं. चिंताहरण! डोक्यावर हंडा नसलेल्या माणसाला हे नाव सुचलं नसतं, असं मला नेहमी वाटतं. कुंडी भंडाऱ्याचं पाणी जाली करंज नावाच्या हौदात येऊन तिथून मातीच्या नळांनी शहरात फिरत असे. करंज म्हणजे आपलं कारंजंच.

या कामाचा जाणकार म्हणून तबकातुल अर्ज असं एक इराणी नाव सांगतात. शब्दांचा अर्थच 'जमिनीचे थर' असा आहे, त्यामुळे हे आईबापांनी ठेवलेलं नाव नसून कामावरून पडलेली पदवी असावी असं मला वाटतं. जमिनीचे थर जाणणारा. माणसाचं नाव पुसलं गेलं आणि त्याची विद्या नाव होऊन राहिली. ज्यांनी ऐंशी फूट खाली अंधारात कुदळ मारली त्यांचं तर तेवढंही राहिलं नाही.

रहीमच्या नावावर आणखी पुष्कळ आहे. १६०७-०८ चा सार्वजनिक हमाम, म्हणजे वाटसरूंसाठी न्हाणीघर, गरम आणि गार पाण्याचं. किल्ल्यातला शाही हमाम वेगळा, हा गावातला. अंडा बाजारातली अकबरी सराय, व्यापाऱ्यांच्या उतरण्यासाठी. आणि लालबाग. १६१० च्या सुमाराला इथे आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने खानखानाच्या या बागेचं आणि तिकडे जाणाऱ्या झाडांच्या सावलीतल्या रस्त्याचं वर्णन केलेलं आहे. त्याच्या आधी वर्षभर विल्यम हॉकिन्स आला होता, सुरतेहून आग्र्याला बादशहाच्या भेटीसाठी जाताना. रहीम त्याच्याशी तुर्कीत बोलला, मेजवानी दिली, पुढच्या वाटेसाठी पत्र दिलं. म्हणजे इंग्रज आग्र्याच्या दरबारात पोचला तो आपल्या बुऱ्हाणपुरात जेवून पोचला.

त्याच्या पदरी कवी, चित्रकार, पुस्तकं बांधणारे, नक्कल करणारे लोक होते. इराणातून आलेल्या अब्दुल बाकी नहावंदीने १६१६ मध्ये 'मआसिर-ए-रहीमी' हा त्याच्या चरित्राचा मोठा ग्रंथ पुरा केला. रहीमने रामायणाच्या फारसी तर्जुम्याची सचित्र पोथी करवून घेतली, ती आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे पोथ्या ठेवतो त्या जागेला भांडार म्हणतात. बुऱ्हाणपुरात पाणी ठेवतात त्याला भंडारा. या माणसाने दोन्ही भरले.

जीवाणी

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्याकडे पाणी गाळून घेतात हे कुणाला सांगायला नको. दुहेरी, जाड कापडाचं गाळणं, आणि गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं. पण गाळणं ही निम्मीच क्रिया. गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, ती जीवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत पोचवायची. वरून भिरकावायची नाही, तळाला कडी असलेल्या बादलीने हळूच पाण्यापर्यंत न्यायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पाहुणा घेऊन आलो तर घरी पोचवून नको यायला?"

नळ आले आणि ही निम्मी क्रिया गेली. नळात जीवाणी परत कुठे टाकणार? गाळणं तोटीला बांधतो आणि समाधान मानतो. म्हणून अजूनही महाराजांचा चौका लागतो तेव्हा विहिरीच्या पाण्याची शोधाशोध होते. बोअरच्या पाण्यात ना दोर जातो ना बादली.

या दृष्टीने मी कुंडी भंडाऱ्याकडे बघते तेव्हा मला त्यातलं एक शहाणपण दिसतं. तिथे पाणी झाकलेलं आहे, पण बंद नाही. प्रत्येक कुंडीला तोंड आहे. माणूस पाण्यापर्यंत जाऊ शकतो, पाण्याला काय झालंय ते बघू शकतो, घेतलेलं परत देऊ शकतो. ज्यांनी ते बांधलं त्यांनी जीवाणीचा विचार केला होता असं मी म्हणत नाही. त्यांचा विचार गाळ काढण्याचा होता. पण ज्या व्यवस्थेत साफ करणाऱ्याला आत उतरायला वाट ठेवलेली असते ती चारशे वर्षं टिकते, एवढं मात्र खरं.

आपण त्याचं कौतुक करावं का?

हा प्रश्न मला मंडळातल्या एका बाईंनी विचारला. "तुम्ही अहिंसा मानता आणि सेनापतीचं गुणगान करता. त्याचे हमाम नि बागा कुणाच्या पैशावर झाले?"

प्रश्न रास्त आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. पैसा महसुलाचा होता. खानदेशातल्या कपाशी पिकवणाऱ्या कुणब्याकडून तो आला, आणि लढाईच्या लुटीतून आला. रहीमवर आपल्याच सरकारशी दगाबाजीचे आरोपही झाले. दख्खनच्या लोकांशी तो आतून मिळालेला आहे, असं अबुल फजलही म्हणत होता आणि पुढे जहांगिराच्या दरबारातही बोललं जात होतं. १६१० मध्ये जहांगिराने त्याला अपयशाबद्दल परत बोलावलं आणि १६१२ मध्ये दुसऱ्या कुणाला जमेना म्हणून पुन्हा पाठवलं.

पण राज्यकर्त्यांकडे व्यापाऱ्यांच्या बाजूने कसं बघायचं हे आपल्या एका पूर्वजाने लिहून ठेवलंय. बनारसीदास, जौनपूर-आग्र्याचा जैन जवाहिऱ्या, रहीमचाच समकालीन. १६४१ मध्ये त्याने 'अर्धकथानक' हे स्वतःचं चरित्र लिहिलं. त्यात जौनपूरच्या किलीच नावाच्या नवाबाची हकीकत आहे. त्याला हवी होती ती भारी वस्तू मिळाली नाही, म्हणून त्याने गावातल्या सगळ्या जवाहिऱ्यांना कोठडीत टाकलं, चाबकाने मारलं, आणि सुटल्यावर ती सगळी कुटुंबं गाव सोडून रानोमाळ पळाली. बनारसीदास तेव्हा अकरा-बारा वर्षांचं पोर होता. त्याच बादशहाचा तोही अधिकारी होता आणि रहीमही. एकाच्या गावातून लोक पळाले, दुसऱ्याच्या गावाला इराणातून माणसं येत होती. दोघांनाही एकाच मापाने मोजून 'ते सगळे सारखेच' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्यात दानाचे चार प्रकार सांगतात. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. रहीमच्या दानाच्या कथा पुष्कळ आहेत. देताना तो नजर खाली ठेवायचा, ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. पहिले तीन हिशेब त्याच्या खात्यात जमा धरायला माझी हरकत नाही. चौथा नाही. तलवार धरणारा अभयदान देऊ शकत नाही, आणि ही उणीव कोणत्याही हमामाने भरून निघत नाही. खातं असं दोन्ही बाजूंनी लिहावं. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईला एवढं तरी यावं.

तापीपलीकडचा जोडीदार

या कथेत दुसरा एक माणूस आहे, आणि त्याच्याशिवाय ती पुरी होत नाही. मलिक अंबर. हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि शेवटी निजामशाहीचा सर्वेसर्वा. रहीमचा आयुष्यभराचा शत्रू. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव वसवलं, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. आणि त्या गावाला त्याने काय दिलं? नहर-ए-अंबरी. डोंगरातलं पाणी, जमिनीखालचा कालवा, उताराने चालणारा. तेच शास्त्र!

नकाशावर बोट ठेवून बघा. एकाच दशकात, एकाच लढाईच्या दोन टोकांना, दोन शत्रू आपापल्या गावाच्या बायकांची पाण्याची पायपीट संपवत होते. आणि त्याच वेळी एकमेकांची गावं उद्ध्वस्तही करत होते. १६१६ मध्ये रहीमचा थोरला मुलगा शाहनवाजखान याने रोशनगावला अंबरचा पराभव केला आणि फौज खडकीत शिरली. अंबरने उभारलेलं पुष्कळ काही तेव्हा पाडलं-जाळलं गेलं. चार वर्षांनी पारडं फिरलं. १६२० मध्ये अंबरच्या फौजांनी बुऱ्हाणपूरला वेढा घातला आणि म्हातारा खानखाना आपल्याच शहरात अडकून बसला. पुढच्या वर्षी शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, मदतीला आला तेव्हा सुटका झाली. अशा वेळी जमिनीखालून गावात येणारं पाणी ही किती मोठी गोष्ट असेल, याचा विचार करा.

अंबर १६२६ मध्ये गेला, रहीम १६२७ मध्ये. त्यांनी जिंकलेले किल्ले कुणाकडून कुणाकडे गेले ते आज परीक्षेपुरतं लक्षात राहतं. दोघांची पाण्याची कामं मात्र अजून दोन्ही शहरांत दाखवता येतात.

घरात काय झालं

इतिहासात पुरुषांची घरं दिसत नाहीत, पण रहीमचं थोडं दिसतं, आणि ते फार उदास आहे. माहबानू १५९८ मध्ये गेली. तिच्यासाठी त्याने दिल्लीत निजामुद्दीनजवळ मोठा मकबरा बांधला. बायकोसाठी असा मकबरा, ताजमहालच्या आधी तीस वर्षं! ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती मुमताज आमच्याच गावात १६३१ मध्ये बाळंतपणात गेली आणि आधी तापीपलीकडे जैनाबादेत पुरली गेली, हे तर आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. माहबानूचं नाव कुणी घेत नाही.

मुलगी जाना बेगम. तिचं लग्न अकबराच्या दानियाल या मुलाशी झालं. दानियाल दारूत बुडालेला. त्याला आवरण्याची जबाबदारी सासरा म्हणून रहीमवर होती. पहारे बसवले, तर नोकरांनी बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. १६०५ मध्ये इथेच, बुऱ्हाणपुरात, दानियाल मेला. दारूच्या घरात मुलगी दिली की बापाचा सुभाही कामाला येत नाही, हे आजच्या कुठल्याही आईबापाला कळेल.

मुलं एकामागून एक गेली. शाहनवाजखान १६१९ मध्ये. त्याचा मकबरा उतावळी नदीच्या काठी आहे, काळ्या दगडाचा, त्याला लोक काळा ताजमहाल म्हणतात. पाठोपाठ रहमानदाद गेला. मग खुर्रमने बापाविरुद्ध बंड केलं, रहीम त्या बंडात ओढला गेला, दोन्हीकडून संशयाचा धनी झाला आणि कैदेत पडला. दाराबखान या मुलाचं शिर कापून म्हाताऱ्या बापाकडे पाठवण्यात आलं. नंतर जहांगिराने माफी दिली, पदवीही परत केली. पण तिचं तो काय करणार होता? १६२७ मध्ये सत्तरीत तो गेला आणि दिल्लीत माहबानूच्याच मकबऱ्यात त्याला पुरलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी त्या कबरीवरचा संगमरवरही काढून नेला.

पाण्यावरचा त्याचा दोहा सगळ्यांनाच येतो. एका 'पानी' शब्दाचे त्यात तीन अर्थ आहेत. मोत्याचं तेज, माणसाची अब्रू आणि साधं पाणी. मराठीतही आपण म्हणतो, मोत्याचं पाणी उतरलं, माणसाने आपलं पाणी दाखवलं. जवाहिऱ्यांच्या घरात मोत्याचं पाणी पारखायला शिकवतात. या माणसाने तिन्ही पाणी पाहिली. दोन त्याच्या डोळ्यांदेखत गेली, तिसरं राहिलं.

आज

रहीमनंतरही शहर वाढलं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये १६४१ मध्ये आला तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात होतं. त्या श्रीमंतीमुळेच १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेने इथला बहादुरपुरा लुटला. मग निजाम, पेशवे, शिंदे, इंग्रज. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. विणकरांच्या मागांच्या जागी पॉवरलूम आले, कपाशीच्या जागी केळी.

केळीला पाणी फार लागतं. डोंगराच्या पायथ्यापासून तापीपर्यंत बोअर झाले, आणि जे पाणी आपसूक कुंड्यांपर्यंत सरकायचं ते वाटेतच वर ओढलं जाऊ लागलं. आठातले काही भंडारे गेले. काही कुंड्यांची तोंडं खचली. आत भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढतात, ते वेळेवर काढले नाहीत तर वाट अरुंद होते. तरी कुंडी भंडाऱ्यात अजून पाणी वाहतं. पाहुण्यांना खाली नेणारी लिफ्ट आहे, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. आनंद आहे. पण यादीने गाळ निघत नाही.

अधूनमधून कुणी विचारतं, हे बांधलं कुणी, आपल्यातल्यांनी की त्यांच्यातल्यांनी? मी म्हणते, पाणी सातपुड्याचं, विद्या इराणची, कुदळ इथल्या मजुरांची, हुकूम रहीमचा, आणि चारशे वर्षं ते डोक्यावरून वाहिलं ते सगळ्या जातिधर्मांच्या बायकांनी. आता वाटणी करून दाखवा.

आपल्या समाजाची दानाची ताकद मोठी आहे. पंचकल्याणक असो, चातुर्मास असो, बोली लागते तेव्हा आकडे ऐकून गाव थक्क होतं. त्यातला थोडा भाग एका तरी कुंडीच्या कठड्याला लागावा असं मला वाटतं. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, कागद हलवावे लागतील, हे मी जाणते. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय ठेवणार आहे. अर्ज लिहून तयार आहे, सह्या हव्यात. ज्यांना गाळण्यावरच्या न दिसणाऱ्या जिवाचीही काळजी असते, त्यांना पाणी येण्याच्या वाटेची काळजी करायला कुणी शिकवायला नको.